काचेत ठेवलेलं लेकरू

(बोललेल्या भागाचं हे लिखित रूप. दोनदा आलेली वाक्यं काढली आहेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

आपल्याकडं एक शब्द आहे, काचेत ठेवणं. "लेकरू झालं का हो?" "झालं, पण काचेत ठेवलंय." गेवराईत म्हणा, केजला म्हणा, पाटोद्याला म्हणा, हे वाक्य ऐकलं की समोरचा माणूस पुढं फार विचारत नाही. पेढे राहतात बाजूला. काचेत म्हणजे बाळ दिवस भरायच्या आधी आलंय, नाहीतर वजन कमी भरलंय, नाहीतर जन्मल्याबरोबर रडलं नाही.

मी त्या काचेच्या आत काम करते. नर्स आहे, चौदा वर्षं झाली. सरकारी दवाखान्यात त्या जागेला एसएनसीयू म्हणतात, म्हणजे आजारी नवजात बाळांचा विशेष कक्ष. जिल्हा रुग्णालयात असतो, अंबाजोगाईसारख्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यातही असतो. माझा दवाखाना कोणता ते सांगणार नाही. आज मी माझ्या काही चुका सांगणार आहे, त्या दवाखान्याच्या नावावर जायला नकोत.

आधी एक सांगते, आत काच नसतेच फारशी. आमच्याकडं बहुतेक बाळं वॉर्मरवर असतात. छोटी गादी, चारी बाजूंना वीतभर उंचीच्या आरपार दिसणाऱ्या फळ्या, आणि डोक्यावर ऊब देणारा हीटर. वरून सगळं उघडं. हात घातला की बाळाला शिवता येतं. काच असते ती दाराला. आणि त्या दाराबाहेर, पायऱ्यांवर नाहीतर व्हरांड्यात, आई बसलेली असते.

मी नोकरीला लागले तेव्हाचा नियम असा होता: बाळ अंगावर पीत असेल तर आईनं दर दोन-तीन तासांनी यायचं, पाजायचं, जायचं. बाळ नळीवर असेल तर वाटीत दूध काढून दारात द्यायचं. बापानं संध्याकाळी काचेतून बघायचं. आजीचा तर प्रश्नच नाही. आणि हा नियम पाळून घेण्यात मी फार कडक होते. "बाहेर थांबा, इन्फेक्शन होईल" हे वाक्य मी दिवसातून पन्नास वेळा तरी म्हणत असेन. ते खोटं नव्हतं. कमी दिवसांच्या बाळाला जंतुसंसर्ग झाला तर काही तासांत खेळ संपतो, हे आम्ही डोळ्यांनी बघितलेलं असतं. फक्त एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली नाही. जंतू आईच्या पदरापेक्षा आमच्याच हातांवरून या बाळाकडून त्या बाळाकडं जास्त जातात. आई एकाच बाळाला हात लावते, मी पाच-सहा बाळांना लावते.

आता त्या लेकराच्या बाजूनं बघा. समजा बत्तीस आठवड्यांचं आहे. म्हणजे अजून दोन महिने ते आईच्या पोटात असायचं. तिथं अंधार, कोमट पाणी, आईच्या काळजाचा ठोका, बाहेरचे आवाज आले तरी दबलेले. हातपाय पोटाशी घेतलेले, कुठंही ताणले तरी गर्भाशयाची भिंत लागते. आणि हे दोन महिने म्हणजे मेंदू सगळ्यात झपाट्यानं वाढायचा काळ. तो आता आमच्या ट्यूबलाइटखाली वाढणार. मॉनिटरचा पिपाट, ट्रॉलीचा खडखडाट, कुणाच्या तरी मोबाइलची रिंगटोन. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९७ सालीच सांगितलं होतं की अशा कक्षात आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये. आपण दोघं नेहमीच्या आवाजात बोललो तरी साठच्या आसपास जातो. वरून दिवसभर टाचेला सुई, नाकात नळी, चिकटपट्टी ओढून काढणं, वजन, साफसफाई. नुकतं झोपलं की कुणीतरी उठवतं.

या सगळ्याचा बारकाईनं विचार करून काळजी घेण्याला इंग्रजीत एक लांबलचक नाव आहे. आपण म्हणू, बाळाच्या वाढीला जपणारी शुश्रूषा. हायडेलिस आल्स नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८०च्या दशकात यावर पायाभूत काम केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की हे एवढंसं बाळसुद्धा बोलतं, फक्त तोंडानं नाही. मला हे पहिल्यांदा शिकवलं तेव्हा मनात म्हटलं, झालं, आता पुस्तकातलं सुरू. मग एक दिवस खरंच उभी राहून बघितलं. सुई लावायला हात पुढं केला की बाळ बोटं फाकवतं, पंजा असा समोर धरतं, थांब म्हटल्यासारखा. पाठ ताणून कमान करतं. उचकी लागते, शिंका येतात, जांभई देतं, तोंडाभोवती रंग बदलतो. आम्ही म्हणायचो, बघा, झोप आली. झोप नसते ती, दमलेलं असतं. याउलट हात तोंडाकडं नेतं, चेहरा निवांत होतो, डोळे शांत उघडे राहतात, तेव्हा ते तयार असतं, तुमच्याशी ओळख करून घ्यायला.

मग करायचं काय? यंत्र काही लागत नाही. जुन्या, स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाची लांब गुंडाळी करायची आणि बाळाभोवती कडं करायचं. डोक्यावर हंडा घेताना बायका चुंभळ करतात ना, तसंच, फक्त मोठं. हातपाय ताणले की कापड लागतं, बाळ परत गोळा होतं, शांत होतं. रात्री दिवे मंद. एक मात्र बजावून सांगते, वॉर्मरवर वरून कापड टाकायचं नाही. ऊब अडते आणि आगीची भीती. डोळ्यांवर सावली धरायची, बस. चार कामं चार वेळा करण्यापेक्षा एका बैठकीत उरकायची आणि मग तासभर हात लावायचा नाही. सुई टोचायच्या आधी जिभेवर आईच्या दुधाचे दोन थेंब, आणि कुणीतरी एक तळवा डोक्यावर, एक पायांवर धरून बाळाला गोळा करून ठेवायचं. बाळ रडतं, पण लवकर थांबतं.

ते "कुणीतरी" कोण? एका सिस्टरकडं रात्रीच्या पाळीत पाच, कधी आठ बाळं. मला दोनच हात. एका हातात सुई आहे. हातांचा दुसरा जोड दाराबाहेर बसलाय, आणि मीच त्याला बाहेर बसवलंय.

आता ती चूक सांगते. २०१७ च्या आधीची गोष्ट. ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण आपल्याच भागातले असाल, दसरा झाला की गावं कशी रिकामी होतात ते तुम्हाला माहीत आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. एक जण मागं राहिला तर अर्धा कोयता, आणि उचल तर पूर्ण फेडायची. अशाच एका बाईचं बाळ, साडेतेराशे ग्रॅम, ऐन टोळी निघायच्या दिवसांत आलं. तेवीस दिवस आमच्याकडं होतं. तेवीस दिवस ती व्हरांड्यात. तिचं दूध वाटीत येत होतं, वाटीवरची चिकटपट्टी मला ओळखू यायची. पण बाजारात समोर आली असती तर ती बाई मी ओळखली नसती. बाळालाही आम्ही "बेबी ऑफ" अमुक एवढंच म्हणायचो.

घरी सोडायच्या दिवशी मी पाच मिनिटांत सगळं सांगितलं. काजळ नको, घुटी नको, टोपडं-मोजे घाला, अंगावरच पाजा, अमुक तारखेला डोळे तपासायला आणा. तारीख कार्डावर लिहिली, इंग्रजीत. बापानं कार्ड आधारकार्डाच्या पिशवीत घातलं. बाहेर टेम्पो उभा होता. चौथ्या दिवशी ती दोघं कर्नाटकात फडावर, लेकरू कोपीत.

डोळ्यांचं थोडं समजून घ्या, हे फार महत्त्वाचं आहे. कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांतल्या आतल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात. त्या जन्मानंतर वेड्यावाकड्या वाढू शकतात, ऑक्सिजन जास्त लागला असेल तर धोका वाढतो. याला आरओपी म्हणतात. बाहेरून डोळा अगदी चांगला दिसतो, आईला काहीच कळत नाही. म्हणून आपल्या देशात नियम आहे की दोन किलोच्या आतल्या किंवा चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाचे डोळे चार आठवड्यांच्या आत तपासायचे. अगदीच लहान असेल, बाराशे ग्रॅमच्या आत किंवा अठ्ठावीस आठवड्यांच्या आत, तर दोन-तीन आठवड्यांतच. वेळेत सापडलं तर लेझरनं बहुतेक वेळा नजर वाचते. पण दुखणं वाढलं तर हातात फार थोडे दिवस असतात.

पाडव्यानंतर ती बाई बाळाला खोकला झाला म्हणून आली. खोकल्याचं सांगून झालं आणि मग म्हणाली, "सिस्टर, ह्यो नजर देत न्हाई." पुढं घाटीला पाठवलं, तिथून आणखी पुढं. दोन्ही पडदे सुटलेले होते. कार्ड तिच्या पिशवीत होतं, तारीख होती. मी सांगितलं होतं. मी सांगितलं होतं, हे त्या आठवड्यात मी तीन-चार जणांना तरी ऐकवलं असेल. कुणी मला दोष दिला नव्हता, तरी ऐकवत होते.

मी सांगितलं होतं, पण कुणाला? जिला तेवीस दिवस आत येऊ दिलं नाही, बाळाचं काय चाललंय ते कळू दिलं नाही, तिला शेवटच्या पाच मिनिटांत. लेकरू घरी नेताना ते तिला जवळजवळ परकंच होतं.

पुढं केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना आल्या, २०१७ साली. कुटुंबाच्या सहभागातून नवजात बाळाची काळजी, असा विषय. मूळ काम दिल्लीच्या राम मनोहर लोहिया हॉस्पिटलमधलं, डॉ. आरती मारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. म्हणजे ही कल्पना परदेशातून उचलून आणून आपल्यावर लादलेली नाही, आपल्याच गर्दीच्या सरकारी दवाखान्यात करून बघितलेली आहे. आई, बाप, आजी, जो कुणी राहणार असेल त्याला शिकवायचं: हात कसे धुवायचे, आत कसं यायचं, बाळाला कसं धरायचं, पुसायचं, वाटी-चमच्यानं कसं पाजायचं, छातीशी कसं घ्यायचं, धोक्याच्या खुणा कोणत्या, घरी गेल्यावर काय. त्यांनी दोन गट करून तुलनाही केली. घरचे आत आले म्हणून जंतुसंसर्ग वाढला नाही, आणि घरी जाताना निव्वळ आईच्या दुधावर असलेली बाळं जास्त निघाली.

आमच्याकडं हे सुरू झालं तेव्हा आम्ही सगळ्या जणींनी कुरकुर केली, खोटं कशाला बोलू. काम वाढणार, गर्दी होणार, कुणीतरी वायर ओढणार. पहिले पंधरा दिवस कामही वाढलं. मग वडवणीकडची एक बाई होती, शाळेत न गेलेली. सकाळी मला म्हणाली, "सिस्टर, कालच्यापेक्षा पोट ताठ लागतंय." मॉनिटरवर सगळं ठीक होतं. मी हात लावला, मला फार काही वाटलं नाही. तरी डॉक्टरांना बोलावलं. आतड्याच्या आजाराची सुरुवात होती. दूध थांबवलं, औषधं सुरू केली, बाळ वाचलं. त्या पोटावर तिचा हात रोज असायचा. माझा सहा पोटांवर असतो.

छातीशी घेण्याबद्दल, कांगारू पद्धतीबद्दल तुम्ही ऐकलं असेल. कोलंबिया देशात बोगोटा शहरातल्या एका दवाखान्यात १९७८-७९ च्या सुमारास हे सुरू झालं, कारण तिथं इन्क्युबेटर पुरत नव्हते. उघड्या छातीवर उघडं बाळ, टोपडं आणि लंगोट तेवढा, वरून कापडानं बांधलेलं. बरीच वर्षं आम्ही मानत होतो की आधी बाळ स्थिर होऊ द्या, मग छातीशी. मग जागतिक आरोग्य संघटनेनं पाच दवाखान्यांत अभ्यास केला, त्यात आपलं दिल्लीचं सफदरजंगही होतं. एक किलो ते अठराशे ग्रॅमच्या आतली तीन हजारांवर बाळं. जन्मल्यावर लगेच छातीशी घेतलेल्या गटात अठ्ठावीस दिवसांत बारा टक्के बाळं गेली, आधी स्थिर करून मग घेतलेल्या गटात पावणेसोळा टक्क्यांच्या आसपास. हा निकाल २०२१ साली आला, आणि २०२२ मध्ये संघटनेनं आपली शिफारस बदलली. त्या अभ्यासात आईची खाट बाळाच्या कक्षातच होती, हे विसरू नका. नुसतं छातीशी घ्या म्हणून होत नाही. पाठ नसलेल्या प्लास्टिकच्या स्टुलावर टाके पडलेली बाई किती वेळ बसेल? वीस मिनिटं. तिला टेकायला काहीतरी पाहिजे, प्यायला पाणी पाहिजे, जेवण पाहिजे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझेरियनमध्ये सात दिवस मोफत जेवण धरलेलं आहे. लेकरू मात्र तीन-तीन आठवडे आत असतं. कागदावर आईला सुट्टी झालेली असते. ती कुठं झोपते, काय खाते, हा प्रश्न नर्सिंगचा आहे का? मी म्हणते आहे. उपाशी बाईला दूध कुठून येणार?

बापांचंही सांगते. छाती बापाचीही चालते. एक जण शर्ट काढायला तयार नव्हता, इतक्या बाया आहेत म्हणे. मग चादरीचा आडोसा केला. दहा मिनिटांनी बघते तर दोघंही घोरतायत. (हसते.)

आणि आजी. पाचवीच्या दिवशी एक म्हातारी कोरा कागद आणि पेन घेऊन दारात उभी. रात्री सटवाई येते, कपाळी लिहिते, तिला कागद-पेन नको का? आधीची मी असते तर हाकललं असतं. मी म्हटलं, आजी, आत हळदकुंकू चालणार नाही, दिवा तर नाहीच, ऑक्सिजन आहे. पण सटवाई आईच्या खाटेशी आली तर चालेल का? म्हातारीनं विचार केला. म्हणाली, "चालंल, तिला काय दोन पावलं चालायचीत." खाटेशी पाचवी पुजली. दुसऱ्या दिवसापासून तीच म्हातारी बाकीच्या बायकांना हात धुवायला लावत होती, कोपरापर्यंत, बांगड्या काढून. माझ्यापेक्षा कडक.

आता तुम्ही ऐकताय ते बहुतेक वीस-पंचवीस वर्षांचे. तुमच्या बहिणीचं, वहिनीचं, स्वतःचं बाळ उद्या काचेत असू शकतं. फोन तुमच्याच हातात असतो, म्हणून तुम्हाला सांगते. आत फ्लॅश मारून फोटो नको, व्हिडिओ कॉल करून सगळ्या गावाला दाखवणं नको. खिशातला फोन आवाज बंद करून ठेवा. सिस्टरला विचारा, आई किती वेळ आत बसू शकते, छातीशी कधी घेता येईल, मी काय करू. "इथं चालत नाही" असं उत्तर आलं तर भांडू नका, पण दुसऱ्या दिवशी परत विचारा, आणि सरकारच्या सूचना आहेत असं शांतपणे म्हणा. आई दुसऱ्या दवाखान्यात असेल, म्हणजे सिझेरियन केजला आणि बाळ बीडला, तर तिनं काढलेलं दूध स्वच्छ झाकणाच्या भांड्यात, बर्फ घातलेल्या डब्यात घालून आणणारा माणूस व्हा. पहिला चीक तर थेंबभर असला तरी आणा. आणि घरी जाताना डोळ्यांची आणि कान तपासायची तारीख तुमच्या मोबाइलमध्ये गजर लावून ठेवा, बाळंतिणीच्या भरवशावर सोडू नका.

मी आता सोडायच्या दिवशी काही नवं सांगत नाही. जे सांगायचं ते आधीच्या दिवसांत बाळ तिच्या मांडीवर असताना सांगून झालेलं असतं, त्या दिवशी तीच मला म्हणून दाखवते. तारीख मराठीत लिहिते, आणि अमावस्येच्या आधी की नंतर तेही सांगते, ते जास्त लक्षात राहतं. ऊसतोडीचं घर असेल तर एक प्रश्न जास्त विचारते, कारखाना कोणता? आशाताई घरी येऊन बाळ बघते, पण ती गावची आशा, कोपीवर कोण येणार? म्हणून कारखान्याचं नाव कळलं की त्या बाजूचा डोळे तपासायची सोय असलेला मोठा सरकारी दवाखाना कोणता ते फोन करून काढते, सांगली असो, कोल्हापूर असो, बेळगाव असो, आणि कार्डावर लिहून देते. मुकादमाचा नंबरही घेते. काही मुकादम चिडतात. एकानं मागच्या हंगामात स्वतःच्या गाडीवरून पोचवलं.

तारखेच्या आदल्या दिवशी मी फोन करते. दहापैकी तीन-चार फोन बंद लागतात. मग दुपारी परत लावते, संध्याकाळी परत, ऊस भरून टोळी कोपीवर आली असेल अशा हिशेबानं.